पूर ओसरला, प्रचार चढला

घरात कुणी गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत. अशा वेळी दोन्ही बाजूंनी बोलणारे नातेवाईक असतातच. एक म्हणतो, 'अहो, अजून डोळ्यांतलं पाणी खळलं नाही, सनई कसली वाजवताय?' दुसरा म्हणतो, 'जाणारा गेला, मुलीचं वय थांबणार आहे का?' खरं तर दोघांचंही बरोबर असतं. मधल्या मध्ये घरातल्या बाईला मात्र दोन्ही निभवावं लागतं. दुःखही आवरायचं आणि रुखवतही मांडायचा.

मैत्रिणींनो, महापुरानंतर येणाऱ्या निवडणुकीचं अगदी असंच असतं. आपल्या सांगली-मिरजेनं आणि शेजारच्या कोल्हापूरनं २०१९ साली हे फार जवळून पाहिलं. ऑगस्टमध्ये पूर आणि ऑक्टोबरमध्ये मतदान. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात आणि सोलापूरच्या सीना नदीकाठी असाच हाहाकार झाला आणि डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न चर्चेत आला, की लोकांच्या घरात चिखल असताना मतं मागायला जायचं का? मला मात्र वाटतं, हा प्रश्न जरा चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. ते का, हे सांगण्यासाठी २०१९ ची उजळणी करू.

पाच आठवड्यांची मुदत

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा आठवतो ना? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. पाणी चढलं ते ५७ फुटांच्या वर. २००५ च्या महापुरात ते ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि 'एवढा पूर पुन्हा येणं नाही' असं जुनी माणसं सांगत. चौदा वर्षांत ते खोटं ठरलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली आणि जीव वाचवायला निघालेली माणसं, त्यात लहान मुलं नि बायका, डोळ्यांदेखत गेली. त्या दिवशी आपल्या भागात कितीतरी घरांत कुणाला जेवण गेलं नसेल.

आमच्या मिरज शहराचा बराचसा भाग उंचावर. कृष्णाघाटाकडची वस्ती सोडली तर पाणी शहरात फारसं शिरत नाही. त्यामुळे पूर आला की नदीकाठची माणसं आमच्याकडे येतात. शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांकडे. कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं आणि मागे म्हैस वाहून गेल्याचं दुःख. गल्लोगल्ली बायकांनी भाकऱ्या थापल्या, खर्डा-पिठलं बांधून दिलं. त्यात कुणी जात विचारली नाही की पक्ष विचारला नाही.

साधारण ऑगस्टच्या मध्यावर पाणी ओसरायला लागलं. मग राहिला चिखल, मेलेल्या जनावरांची दुर्गंधी, भिजून फुगलेली धान्याची पोती आणि पडलेल्या भिंती. गणपती २ सप्टेंबरला बसले. कित्येक घरांत त्या वर्षी मूर्ती ठेवायला कोरडा कोनाडा नव्हता. आणि पितृपक्ष चालू असतानाच, २१ सप्टेंबरला, निवडणूक आयोगानं विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला. २१ ऑक्टोबरला मतदान, २४ ला मोजणी. दिवाळीच्या अगदी तोंडावर.

म्हणजे हिशेब करा. पाणी ओसरल्यापासून आचारसंहिता लागेपर्यंत जेमतेम पाच आठवडे. याच पाच आठवड्यांत पंचनामे व्हायचे होते, याद्या लागायच्या होत्या, अनुदान हातात पडायचं होतं, पडलेल्या घराचं काय करायचं ते ठरायचं होतं. ज्या बाईचं काम या पाच आठवड्यांत झालं ती सुटली. जिचं राहिलं ती पुढे कितीतरी दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. मला वाटतं, खरा प्रश्न मतदानाच्या तारखेचा नाही. तो या मधल्या दिवसांचा आहे.

पुढे ढकलता आली असती का?

निवडणुका पुढे ढकलाव्यात, अशी मागणी तेव्हा झाली होती. मनसेचे राज ठाकरे यांनी ती जाहीरपणे केली. आचारसंहिता लागली तर मदतीच्या कामात अडथळा येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं.

पण अडचण अशी, की आपल्या राज्यघटनेनं विधानसभेला पाच वर्षांची मुदत घालून दिली आहे. त्या वेळच्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबर २०१९ ला संपत होती. तोपर्यंत नवी सभा निवडून आली नाही, तर लोकांनी निवडलेलं सरकार जाऊन राष्ट्रपती राजवट येण्याची वेळ. शिवाय राज्यात मतदारसंघ २८८. महापुरानं झोडपलेले त्यांतले मोजके. गडचिरोलीच्या किंवा जळगावच्या मतदारानं आपल्या कृष्णाकाठच्या पुरासाठी किती थांबावं?

सगळं थांबवणं आणि काहीच न थांबवणं, याच्या मधलीही वाट असते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात तशी सोय आहे. नैसर्गिक आपत्ती आली तर एखाद्या केंद्रावरचं मतदान तहकूब करून नंतर घेता येतं. त्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, ओडिशात फनी चक्रीवादळ आलं. तेव्हा आयोगानं किनारी जिल्ह्यांतली आचारसंहिता वेळेआधीच शिथिल केली, म्हणजे मदतकार्याला मोकळीक मिळावी. आणि पटकुरा या एका मतदारसंघाचं मतदान पुढे नेऊन जुलैमध्ये घेतलं. बाकी राज्याचं काही अडलं नाही.

जपानमध्ये ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली. पुढच्याच महिन्यात तिथे देशभर स्थानिक निवडणुका होत्या. जपाननं खास कायदा करून फक्त उद्ध्वस्त झालेल्या भागांना वगळलं आणि तिथल्या निवडणुका काही महिन्यांनी घेतल्या. त्याहून जुनं उदाहरण आपल्या शेजारचं. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळानं लाखो माणसं मेली. निवडणूक ७ डिसेंबरला ठरलेली. ती झाली, फक्त वादळग्रस्त भागातलं मतदान जानेवारी १९७१ मध्ये घेतलं. सरकारनं मदतीत केलेली हेळसांड लोक विसरले नव्हते. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं तिथल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या आणि पुढच्या वर्षभरात बांगलादेश जन्माला आला. भाषेचा आणि हक्काचा राग आधीपासून होताच, वादळानं त्यात भर घातली.

तेव्हा, संकट आलं म्हणून मतदान नको, असं मी म्हणणार नाही. उलट ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांच्या हातात उरलेली ती एकच गोष्ट असते. ती काढून घेणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा बुडवणं.

माणसं तीच, कामं दोन

पण मग अडतं कुठे? ते समजायला जरा गावपातळीवर येऊ.

पंचनामा कोण करतं? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. पुराच्या छावण्या कुठे असतात? शाळांत. तिथली व्यवस्था पुष्कळदा कोण बघतं? शिक्षक आणि अंगणवाडी सेविका. आता सांगा, मतदार यादीचं काम कोण करतं? बऱ्याच ठिकाणी हेच शिक्षक, याच सेविका. मतदान केंद्रं कुठे असतात? त्याच शाळांत. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला कुणाला बोलावतात? यांनाच. माणसं तीच आणि कामं दोन. निवडणुकीचं काम टाळलं तर कारवाई होते. पंचनामा राहिला तर काय होतं? तो राहतो, एवढंच. मग कुठलं काम आधी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आचारसंहितेबद्दलही आपल्याकडे फार गैरसमज आहेत. 'आचारसंहिता लागली, आता काही मिळणार नाही' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! खरं म्हणजे आपत्तीतली जी मदत आधीच मंजूर आहे आणि सुरू आहे, ती आचारसंहितेमुळे थांबत नाही. बंदी असते ती मंत्र्यांनी नव्या घोषणा करण्यावर आणि स्वतःच्या हातानं मदत वाटून फोटो काढण्यावर. नव्यानं काही द्यायचं असेल तर आयोगाची परवानगी घ्यावी लागते, आणि आपत्तीच्या मदतीला आयोग सहसा नाही म्हणत नाही. म्हणजे यादीत तुमचं नाव असेल तर पैसे मिळायलाच हवेत. कुणी टेबलापलीकडून 'आता निवडणुकीनंतर या' म्हणालं, तर 'कुठल्या नियमानं?' एवढं शांतपणे विचारायचं आणि उत्तर लेखी मागायचं. पुष्कळदा उत्तर बदलतं, बघा.

२०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान ठरलं होतं. त्यातले ५ हजार रोख आणि उरलेले बँक खात्यात. ऐकायला सोपं. पण 'कुटुंब' म्हणजे कोण? एका छपराखाली दोन चुली असल्या तर कुटुंब एक की दोन? भाड्यानं राहणाऱ्या बाईचा संसार बुडाला, पण घर मालकाचं. मग अनुदान कुणाचं? नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या वळचणीला राहणारी बाई कुठल्या यादीत? पासबुक, रेशनकार्ड, सगळंच वाहून गेलं असेल तर ती कोण, हे तिनं सिद्ध कसं करायचं? हे प्रश्न प्रत्येक पुरात येतात आणि प्रत्येक वेळी नव्यानं आल्यासारखे येतात.

त्याच पुरात नदीकाठच्या एका गावातली बाई मला म्हणाली होती, 'ताई, मत मागायला दारात धा जण आलं. पंचनाम्याला येक बी फिरकला न्हाई.' यावर आणखी काय बोलायचं?

सरकार होतं, मग नव्हतं

२०१९ ची गंमत, गंमत कसली, शोकांतिकाच, पुढे आहे. ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सरकार पूर्ण अधिकारानं होतं. तेव्हाच्या मंत्रिमंडळानं केंद्राकडे ६,८१३ कोटींची मागणी केली. एक हेक्टरपर्यंतच्या बुडालेल्या पिकाचं कर्ज माफ करायचं ठरवलं. त्याच वेळी, घर दोन दिवस पाण्याखाली असेल तरच १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत, असाही एक आदेश निघाला आणि लोक संतापले. पाणी काय घड्याळ बघून घरात शिरतं? इचलकरंजी भागात वाटलेल्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची आणि स्थानिक आमदारांची छायाचित्रं चिकटवलेली निघाली, त्यावरूनही रान उठलं. निवडणूक डोळ्यांसमोर होती ना!

मग सप्टेंबरपासून आचारसंहिता. आणि निकाल लागतात न लागतात तोच अवकाळी पावसानं पुन्हा झोडपलं. आपल्या तासगाव, मिरज पूर्व भागातल्या द्राक्षबागा, काढायला आलेलं सोयाबीन, सगळं गेलं. आता आचारसंहिता संपली होती, पण सरकारच नव्हतं! कुणी कुणाबरोबर बसायचं, हे महिनाभर ठरेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. शेवटी राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला मदत जाहीर केली. खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि बागायतीला, म्हणजे फळबागांना, हेक्टरी १८ हजार, तेही दोन हेक्टरांपर्यंत. एका एकर द्राक्षबागेचा औषध-फवारणीचा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्या मैत्रिणींना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. नवं सरकार आलं ते २८ नोव्हेंबरला.

म्हणजे एका हंगामात तीन अवस्था. निवडणुकीवर डोळा ठेवणारं सरकार, मग हात बांधलेलं सरकार, मग नसलेलं सरकार. पूरग्रस्त बाई मात्र तिन्ही वेळा तीच होती. तिच्या घराची भिंतही तीच, पडलेली.

मतपेटीनं काय सांगितलं?

लोकांनी मग मतदान केलं का? केलं, आणि चांगलं केलं. राज्यात सुमारे ६१ टक्के मतदान झालं. पण पुरानं वेढलेल्या गावांचा करवीर मतदारसंघ ८० टक्क्यांच्या पुढे गेला, राज्यात सर्वांत वर. ओळखपत्रं वाहून गेली असली तरी आधार कार्ड, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड अशा ११ कागदांपैकी एक दाखवून मत देता येत होतं.

निकालाचं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. मिरजेत भाजपचे सुरेश खाडे पुन्हा निवडून आले, पण २०१४ मध्ये ६० हजारांच्या वर असलेलं त्यांचं मताधिक्य ३० हजारांच्या आसपास आलं. सांगलीत सुधीर गाडगीळ आले, पण सात हजारांच्या आतल्या फरकानं. कोल्हापूर जिल्ह्यात भाजपला एकही जागा मिळाली नाही आणि शिवसेना सहावरून एकवर आली. पलूस-कडेगावात तर अजबच झालं. काँग्रेसचे विश्वजित कदम दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा. २० हजारांहून अधिक मतं! हे सगळं पुरामुळे झालं, असं म्हणणं घाईचं होईल. युतीत जागा कुणाच्या वाट्याला गेली, उमेदवार कोण होता, बंडखोरी किती, हेही त्यात होतं. पलूस-कडेगावच्या नोटामागं तर जागावाटपाची नाराजी असल्याचंच बोललं गेलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या मिरज तालुक्याचंच बघा. पश्चिमेला नदीकाठ, तिथे पुराची भीती. पूर्वेला आरग, बेडग, सलगरेकडचा भाग, तिथे म्हैसाळ योजनेचं पाणी कधी सुटतंय याकडे डोळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत बोटी फिरत होत्या आणि जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांत लोक पावसाची वाट बघत होते. याच मिरज जंक्शनवरून २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. मग उमेदवारानं भाषण कशावर करायचं? पूरग्रस्त माणसं एका मतदारसंघात बहुतेक वेळा अल्पसंख्य असतात. त्यांचं दुःख मोठं, पण मतं थोडी. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही, त्या आपण बायका त्यांच्या प्रश्नावर बोललो, तरच तो प्रश्न मोठा होतो. मिरजेसारख्या उंचावरच्या शहरातल्या मैत्रिणींना हे मी मुद्दाम सांगते.

साडीचा हिशेब आणि भिंतीचा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येते. अमेरिकेतल्या अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तिथल्या निवडणुका आणि आपत्तीवरचा सरकारी खर्च ताडून पाहिला. त्यांना दिसलं, की आपत्ती आल्यावर मदत वाटणाऱ्याला मतदार मतं देतात, पण आपत्ती येऊ नये किंवा आली तरी नुकसान कमी व्हावं म्हणून आधी खर्च करणाऱ्याला देत नाहीत. खरं तर आधी खर्च केलेला एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो, असा त्यांचा हिशेब. भारतातल्या निवडणुकांवरही अशा प्रकारचा अभ्यास झाला आहे. पाऊस बिघडला की आपले मतदार सत्ताधाऱ्याला शिक्षा करतात, आणि त्यानं धावपळ करून मदत केली तर शिक्षा थोडी कमी करतात, असं त्यात निघालं.

आपण बायका हे घरात रोज बघतो. लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून बरणी उन्हात वाळवून ठेवणाऱ्या सुनेचं कौतुक कुणी करत नाही. बुरशी आल्यावर वरचा थर काढून 'बघा, वाचवलं' म्हणणारीचं होतं! राजकारणातही तसंच. धरणातलं पाणी कधी, किती सोडायचं याचा नीट मेळ घालणारा, नदीपात्रातली अतिक्रमणं हटवणारा पुढारी कुणाला दिसत नाही. उलट त्याला शत्रूच फार. पण पाण्यात उतरून पाकीट देणारा लगेच वर्तमानपत्रात दिसतो. पुढाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आपण जे मोजतो तेच ते देतात.

ओडिशाचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिथे महाचक्रीवादळानं सुमारे दहा हजार माणसं मेली. चारच महिन्यांत, फेब्रुवारी २००० मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि मदतीत कमी पडलेलं सरकार गेलं. तिथवर गोष्ट आपल्यासारखीच. पण पुढे तिथे किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावागावांत इशारा देणारी माणसं तयार केली, सराव घेतले. २० वर्षांनी फनी आलं तेव्हा सुमारे १२ लाख माणसं आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला. घरं पडली, झाडं पडली, पण माणसं राहिली.

आपल्याकडे २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २०२० मध्ये आला. त्यात थोड्या दिवसांत कोसळलेल्या प्रचंड पावसावर आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. तेव्हा आपण टाळेबंदीत घरात होतो, अहवाल कोण वाचणार? जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास चढलं. पुढे २०२४ मध्ये दोन निवडणुका झाल्या. तुमच्या दारात आलेल्या किती उमेदवारांनी त्या अहवालाचं नाव काढलं, सांगा. आणि आपण तरी किती जणींनी विचारलं?

मग आपण काय करायचं?

पुढारी आले की आपण रस्ता, गटार, समाजमंदिर मागतो. ते चूक नाही. पण नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या, वॉर्डातल्या बायकांनी चार प्रश्न पाठ करून ठेवावेत, असं मला वाटतं. पाणी किती फुटांवर गेलं की आमच्या गल्लीत येतं, आणि हे आम्हाला किती तास आधी, कोण सांगणार? बाळंतीण, म्हातारी माणसं आणि जनावरं यांना न्यायची जागा कुठली, तिथे बायकांसाठी वेगळं न्हाणीघर-संडास आहे का? पंचनाम्याची यादी चावडीवर लावून वाचून दाखवणार का? आणि भाडेकरू, एकट्या बाया, वेगळी चूल मांडणाऱ्या सुना यांची नावं त्या यादीत कशी येणार?

हे प्रश्न फक्त निवडणुकीतच विचारायचे असं नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. पावसाळ्याआधीच्या सभेत फक्त पुराचा विषय घ्या. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. तिथे बसलेल्या बाईला आपण 'हळदीकुंकवाला या' म्हणतो. आता 'पुराच्या बैठकीला या' म्हणूया.

थोडं आपलं घरचंही. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, भाडेकरार, यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवा, फोनमध्ये फोटो काढून लेकीलाही पाठवून ठेवा. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेमुळे पुष्कळ जणींचं स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं खातं झालं आहे. मग आपत्तीचं अनुदानही बाईच्या खात्यावर जमा करा, ही मागणी आता करायलाच हवी. खातं नाही, ही सबब त्या घरांपुरती तरी संपली.

पुरात आलेली मदत आपण जरूर घ्यावी, देणाऱ्याला दुवाही द्यावी. पण सरकारी मदत हा आपला हक्क असतो, ती कुणाच्या खिशातली भिक्षा नसते. तिच्यासाठी मतानं उतराई व्हायची गरज नाही. मत द्यायचं ते पुढच्या पुराकडे बघून.

म्हणून म्हणते, पुरानंतर निवडणूक घ्यावी की नको, हा वाद आयोगाला आणि कोर्टाला घालू दे. पुढच्या वेळी कुणी 'पुरात आम्ही तुम्हाला इतकं दिलं' असं सांगत दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसायला द्या आणि विचारा, 'दादा, ते झालं. पूर येण्याआधी काय केलंत, तेवढं सांगा.' जो उत्तर देईल, त्याचं ऐका. जो घाईघाईनं पुढच्या दाराकडे वळेल, त्यानंही उत्तर दिलंच आहे, असं समजा.